गर्दीमागची बाग

राजवाड्यासमोरची रांग पार चौकापर्यंत आली होती. नणंद-भावजय उन्हात ताटकळत उभ्या असताना एक नीटनेटक्या आजी जवळ आल्या. "या गर्दीत काय बघणार तुम्ही? चला, फारशी कुणाला ठाऊक नाही अशी जागा दाखवते."

नणंद लगेच निघाली. भावजयीने तिचा दंड धरला. "ताई, पर्स पुढे घ्या. ओळख ना देख, एवढं गोड कोण बोलतं? कुठल्यातरी दुकानात नेऊन काहीतरी माथी मारतील."

"वहिनी, तुला सगळेच चोर दिसतात!"

बोळामागून बोळ गेले. माणसं विरळ होत गेली, तशी भावजयीची धाकधूक वाढली. आजी मात्र कुठेच अडखळल्या नाहीत. अखेर एक गंजलेलं फाटक ढकलून त्या आत शिरल्या. आत उंच भिंतींच्या मधोमध जुनं दगडी कारंजं होतं आणि त्यावर अंजिराचं झाड झुकलं होतं. चिटपाखरूही नव्हतं. आजी बाकावर बसल्या आणि डोळे मिटून पाण्याचा आवाज ऐकत राहिल्या.

बऱ्याच वेळाने त्या उठल्या. "चला, निघू या आता."

भावजय वाटच अडवून उभी राहिली. "आजी, स्पष्टच विचारते. आमच्याकडून तुम्हाला हवंय तरी काय?"

आजींनी पदराआडून गळ्यातल्या साखळीला लावलेला, घरचा पत्ता कोरलेला बिल्ला काढून तिच्यापुढे धरला.

 

"इथे सोडशील मला? बागेत यायची वाट पाठ आहे गं, घरी जायचीच विसरते."