परीक्षेची दाढ

पावणेआठ वाजता हिमानीनं इंदुताईंना सातव्यांदा फोन लावला. सातव्यांदाही फोन बंदच होता.

नऊला परीक्षा. दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर परीक्षेत खुर्ची, हत्यारं, भुलीचं इंजेक्शन सगळं कॉलेज देतं. रुग्ण मात्र ज्याचा त्यानं आणायचा. हिमानीचा विषय हिरड्यांचे आजार. बाहेरगावच्या परीक्षकांसमोर हिरडी उघडायची, आतली घाण खरवडायची, झिजलेल्या जागी हाडाची पूड भरून टाके घालायचे. रुग्ण आलाच नाही तर तीन वर्षं पाण्यात, आणि सहा महिन्यांनी पुन्हा त्याच दारात.

एक बदली रुग्ण तिनं हाताशी ठेवला होता. तो परवाच मेहुण्याच्या लग्नाला भंडाऱ्याला निघून गेला. मे महिन्यात लग्न आणि परीक्षा एकदम काढणाऱ्यांना तिनं मनातल्या मनात चार शिव्या घातल्या.

"तुले म्हटलं होतं ना, कामठीची केस धरू नको," बरोबरीचा दुर्गेश म्हणाला. "तिकडचा ऑटो भरल्याशिवाय सुटत नाही."

दुर्गेशनं आपला रुग्ण आदल्या दिवशीच होस्टेलवर आणून ठेवला होता, जावयासारखा. आता तो रुग्ण आतल्या बाकावर बसून केळं खात होता. हिमानीला त्या केळ्याचासुद्धा हेवा वाटला.

इंदुताई कामठीच्या. पन्नाशीच्या, जरीपटक्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या. दसऱ्याच्या सुमारास त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांच्या खालच्या डाव्या दाढेचा एक्स-रे पाहून हिमानीचा श्वासच अडकला होता. दाढेलगत हाडात खोल खड्डा, पुस्तकात छापावा असा. विभागातल्या सरांनी फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, "लवकर उघड हे."

हिमानी हो म्हणाली. उघडलं मात्र नाही. विभागात कोणीच उघडत नसे. चांगली केस परीक्षेसाठी राखायची, ही तिथली रीत. वरच्यांनी राखली, खालच्यांनी शिकली.

"ताई, उन्हाळ्यात करू," ती म्हणाली होती. "माझ्या परीक्षेची दाढ आहे ही. तोवर दुसऱ्या कोणत्याच डॉक्टरचा हात लागू देऊ नका."

"नाही लागू देत, वं," इंदुताई म्हणाल्या होत्या. लेकीची अमानत सांभाळावी तसं त्यांनी ते मनावर घेतलं.

संक्रांतीला त्या म्हणाल्या, दाढ हलून राहिली, रात्री ठणकते. हिमानीनं गोळ्या दिल्या, गुळण्यांचं औषध दिलं. त्या दिवशी तिला स्वतःची लाज वाटली. चार महिनेच तर राहिलेत, असं म्हणून तिनं फाइल मिटली.

तपासणीला इंदुताई हौसेनं यायच्या. नंबर येईपर्यंत भिंतीवरचे फलक मोठ्यानं वाचायच्या. ब्रश कसा धरावा, तंबाखू काहून खाऊ नये, पडलेला दात फेकू नका, दुधात घालून आणा. चौथी पास बाई, पण वाचायच्या आरती म्हटल्यासारखं. सगळा बाक हसायचा, हिमानीही.

सव्वाआठ. साडेआठ. हिमानी तीनदा फाटकापर्यंत जाऊन आली. मग पायरीवर बसून ती कबूल करू लागली, की देवा, आज तेवढी ही बाई आण, पुढं आयुष्यभर कोणाचं दुखणं राखून ठेवणार नाही.

आठ चाळीसला ऑटो थांबला, आणि इंदुताई उतरल्या.

उन्हासाठी घ्यावा तसा पदर नाकातोंडावरून घेतलेला. घामानं चिंब. दोन्ही हातांत स्टीलची छोटी डबी, सांडू नये अशी सरळ धरलेली. हिमानी धावत गेली आणि त्यांच्या गळ्यातच पडली.

"फोन काहून बंद होता, ताई? जीव गेला ना माझा!"

"चार्जिंग नव्हती, वं," इंदुताई पदराआडून म्हणाल्या. बस्, तेवढंच. एरवी अख्ख्या ऑटोची खबर सांगणारी बाई आज गप्प होती. घाबरल्या असतील, हिमानीला वाटलं. शस्त्रक्रिया म्हटली की भलेभले घाबरतात.

"नाश्ता केला? गोळी घेतली?"

इंदुताईंनी दोनदा मान हलवली. हिमानीनं त्यांना हाताला धरून वर नेलं. जिन्यात दुर्गेश दिसला, त्याच्याकडं तिनं विजयी नजरेनं पाहिलं. आता ती पास होती. उरलेलं तिच्या हातात होतं, आणि हातांवर तिचा भरवसा होता.

आतून शिपायानं हाक दिली. "हिमानी मॅडम, पेशंट घ्या. परीक्षक आले."

"थांब जराशी, पोरी," इंदुताईंनी तिची बाही धरली. "हात कर."

हिमानीचं लक्ष डबीकडं गेलं. आई पुसदला. सकाळी होस्टेलवर परीक्षेचं दही-साखर हातावर द्यायला कोणी नव्हतं, आणि ही भाजीवाली बाई कामठीहून डबी सावरत आली होती. तिनं डोळे मिटून उजवा तळवा पुढं केला.

गार दूध बोटांतून ओघळलं. तळव्यावर काहीतरी कडक टेकलं. तिनं डोळे उघडले.

दोन मुळांची दाढ होती.

"काल सांजीले भाकर खाता खाता आपोआप निंघाली, वं," पदर खाली करत इंदुताई म्हणाल्या. गाल सुजला होता, चेहरा मात्र अभिमानानं फुलला होता. "सून म्हणे, डॉक्टरकडं चला. मी नाही गेली. तू म्हणली होती ना, दुसऱ्या कोणाचा हात लागू देऊ नका. नाही लागू देला."