वाघाटीची पिल्लं

"अहो आई, ते बोंडलं आधी खाली ठेवा!"

ऊसतोडीत सापडलेली वाघाटीची दोन पिल्लं सासूबाईंनी माझ्या लेकाच्या दुपट्यात गुंडाळली होती आणि त्यांना गाईचं दूध पाजायला बसल्या होत्या. "बिबट्याचे बछडे आहेत," दीर ठासून सांगत होता. ही रानमांजरं एवढीशीच असतात, यांची आई उरलेल्या उसातच दबून बसली असेल, हे सांगून सांगून माझा घसा बसला.

शेवटी तोड थांबवली, पिल्लं क्रेटमध्ये घालून सापडली त्याच जागी परत ठेवली, तर सगळा गाव मोबाइल घेऊन भोवती उभा!

"अहो, हला ना! माणसं दिसली तर आई यायची नाही. उपाशी मरतील ती!"

"एकच फोटो, वहिनी."

तेवढ्यात सासूबाई कडाडल्या, "बाळंतीण हाय ती! बाप्यांचं काय काम हितं? निघा!"

माना खाली घालून सगळे बांधापलीकडे गेले. मी मात्र लेकाला कडेवर घेऊन बघत उभी राहिले. सासूबाईंनी माझा दंड धरला.

"तू बी चल. कुणी टक लावून बसलं की पान्हा फुटत न्हाई. तुझ्या येळंला कळलं मला."

मागे पाचट खसफसलं. आम्ही दोघींनीही वळून पाहिलं नाही.