जळक्या तेलाचा वास

शेवटच्या फेरीत बॉनेटखालून धूर निघाला तरी एस्कोने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही. वळणावर वेइक्कोच्या लाल गाडीच्या कुशीत धडक मारून त्याने तिला खडीच्या ढिगात घातलं आणि पहिला आला. गाडी घरच्या टेम्पोपाशी आणून उभी केली तेव्हा जळक्या तेलाच्या वासाने आजूबाजूची माणसं लांब सरकली.

"पेट घेतला नाही हे नशीब समज," त्याची बहीण पिर्यो म्हणाली आणि तिने बॉनेट उघडलं.

इंजिन तिने बांधलं होतं. सबंध हिवाळा शेडमध्ये, बोटं गारठून बधिर होईपर्यंत. गाडीही तिच्याच नावावर होती. आणि आता अर्धा तास जीव मुठीत धरून बसायचं होतं, कारण काउहावा गावाकडच्या या शर्यतींचा नियम सरळ आहे: धावलेली कुठलीही गाडी, धावलेला कुठलाही माणूस ठरलेल्या दोन हजार युरोंत विकत मागू शकतो. शर्यत संपल्यावर अर्ध्या तासात पेटीत चिठ्ठी टाकायची. नाही म्हणेल त्याचा परवाना गेला. कोणी भारी गाडी बनवून माजू नये म्हणून हा नियम. माजलेल्यांनाही तो फार आवडतो, दुसऱ्याच्या गाडीपुरता.

पिर्योने तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल काठोकाठ. वरचं झाकण घट्ट, कव्हरचं पॅकिंग कोरडं. खाली आडवी होऊन पाहिलं, तर इंजिनाखालचं तेलाचं चेंबरही कोरडं. धूर येत होता तो फक्त सायलेन्सरच्या पाइपवरून, तोही पाइपच्या वरच्या अंगाने. तिथल्या पत्र्यावर थोडं तेल साचलं होतं. तिने ते दोन बोटांत धरून बोटं उघडली. एकतारी पाकासारखी तार आली. इंजिनाच्या तेलाला अशी तार येत नाही. वासही तळणीत करपल्यासारखा होता. झाडं तोडायच्या करवतीच्या साखळीला घालतात ते बियांचं तेल होतं हे.

त्या तेलाचा डबा टेम्पोत होता. आणि सबंध मैदानात तो टेम्पो उघडायची किल्ली एकाच माणसाकडे होती.

"कुठून गळतंय?" एस्कोने विचारलं.

"गळत नाही. ओतलंय."

"कोणी?"

घडीच्या खुर्चीत बसलेल्या बापाकडे पिर्योने पाहिलं. म्हाताऱ्या औलिसने कॉफीच्या कपातून डोकं वर काढलं नाही. एस्कोचा हात बापावरही उठतो, हे ती पाहत आली होती.

"मला काय माहीत," ती म्हणाली.

"मला माहीत आहे! तो वेइक्को सकाळपासून इथे घुटमळत होता."

वेइक्को आपल्या चेपलेल्या दारापाशी उभा राहून सॉसेज खात होता. एस्कोने पहिला ठोसा त्या भरल्या तोंडावरच मारला. तो खाली पडल्यावर छातीवर गुडघा रोवला आणि मारतच सुटला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज पिर्योला वीस पावलांवर ऐकू आला. "तेल ओततोस? माझ्या गाडीत?" एस्को ओरडत होता आणि प्रत्येक शब्दाला एक ठोसा देत होता. त्याला ओढायला चार जण लागले. त्यातल्या एकाचा कानही त्याने फाडला. पंच बाईंनी त्याचा परवाना तिथल्या तिथे काढून घेतला.

चोर सोडून संन्याशाला फाशी. पिर्योला एस्कोचा राग आला, बापाचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

"धूर बघितला की कोणी चिठ्ठी टाकत नाही," बाप हळूच म्हणाला. "तुझं इंजिन वाचावं म्हणून केलं, पोरी."

"एस्कोला तरी सांगायचं होतं!"

"सांगितलं असतं तर त्याने गाडी जपून चालवली असती. मग इंजिन जळालं हे कोणाला पटलं असतं?"

पेटी बंद व्हायला पाच मिनिटं होती. पिर्योच्या गाडीसाठी अजून कोणीच चिठ्ठी टाकली नव्हती. तेवढ्यात वेइक्को आला. तोंडाशी टॉवेल, त्यातून रक्त ठिबकत होतं. दवाखान्यात न्यायला निघालेल्या बायकोला त्याने हातानेच थांबवलं होतं.

"पिर्यो, मी तुझ्या गाडीला हात लावला नाही गं."

"ठाऊक आहे."

"मग झालंय काय इंजिनाला?"

पॅकिंग गेलंय, एवढंच म्हणायचं होतं. सगळं मैदान धूर पाहून बसलं होतं. कोणी खोटं म्हटलं नसतं. बाप मोठ्याने खोकला. पिर्योने वेइक्कोच्या नाकाकडे पाहिलं. ते एका बाजूला वळलं होतं.

"इंजिनाला काहीही झालेलं नाही," ती म्हणाली. "तेल आमच्या बापाने ओतलं. आणि तुला एस्को मारायला निघाला तेव्हा ते मला कळलेलं होतं."

वेइक्को रक्त थुंकला, वळला आणि पेटीकडे चालू लागला. चिठ्ठी त्याने बायकोच्या पाठीवर ठेवून लिहिली.

"देऊ नकोस!" बाप खुर्चीतून उठला. "एस्कोचा परवाना तसाही गेलाय, आता काय बिघडणार आहे आपलं?"

पिर्योने चिंधी घेऊन पाइपवरचं तेल शेवटच्या थेंबापर्यंत पुसलं. गाडीची किल्ली घेऊन वेइक्कोकडे गेली आणि त्याच्या मोकळ्या हातात ठेवली.

"सुरू केल्या केल्या ॲक्सिलरेटर दाबू नकोस," ती म्हणाली. "आधी एक मिनिट थांब. तिला तेवढं लागतं."