दरवाज्याची चाचणी

शिंप्यानं दुकानातली बुटकी खुर्ची आणली, गल्लीच्या तोंडाशी नदीचं पाणी अडवणाऱ्या पूरदरवाज्याच्या खाचेत ठेवली आणि तिच्यावर बसला. बायकोला काज-बटणं करायला बरी पडावी म्हणून त्या खुर्चीचे पाय कापलेले होते. त्याचे गुडघे पार छातीशी आले.

"दाजी, उठा," भिंतीवरून मेहुणा म्हणाला. भिंतीपलीकडे नदी होती, आणि दरवाज्याचं चाक फिरवायची नोकरी त्याची होती.

"बसलोय जरा."

"तिकडे पायरीवर बसा की. दरवाजा लावायचाय."

"म्हणूनच इथं बसलोय."

लोक आपापल्या दारात येऊन उभे राहिले. "बसू द्या हो," दूधवाली म्हणाली. "नदी काय लगेच येत नाही. भिंत झाल्यापासून तिला आमच्याकडे यायचं तर अर्ज करावा लागतो." दोघंतिघं हसले. मेहुणा हसला नाही.

इंजिनीअर बाई जवळ आल्या. जमीन कोरडी होती, तरी त्यांच्या पायात रबरी बूट होते. त्या शिंप्याशेजारी उकिडव्या बसल्या.

"काका, थोडा वेळ लागेल. दरवाजा बंद करायचा, सांध्यावर पाणी मारून बघायचं, उघडायचा. पावसाळ्याआधी करावंच लागतं. देशात जिथं जिथं असे दरवाजे आहेत, तिथं सगळीकडे करतात."

"खालच्या बाजूला एक भोक पाडून द्या. लगेच उठतो."

"भोकातून नदी आत येईल."

"त्या दिवशी नदी आलीच नव्हती." शिंप्यानं मान न वळवता अंगठा मागं केला. गल्लीच्या वरच्या टोकाला टेकडी होती. "तिथून आलं पाणी. आधी तिथं झाडी होती. केवढाही पाऊस पडो, टेकडी पिऊन टाकायची आणि सावकाश सोडायची. आता वर गोदामं झालीत, ट्रक उभे करायला सिमेंट केलंय. पुराचा भोंगा वाजला, यानं दरवाजा लावला. नदी भिंतीच्या पायालासुद्धा लागली नाही. वरचं पाणी मात्र धावत आलं, इथं अडलं आणि माझ्या घरात चढलं. माझं घर शेवटचं."

बाईंनी टेकडीकडे पाहिलंही नाही. त्यांना ते नवीन नव्हतं.

"मी कळवलंय वर. पण आमची योजना नदीच्या पुराची आहे. टेकडीवरून येतं ते पुराचं पाणी धरत नाहीत. ते पावसाचं पाणी. त्याचं खातं वेगळं."

"त्या खात्यात जाऊन आलो. ते म्हणाले, पाण्याला वाट होती, ती दरवाज्यानं बंद केली. दरवाजेवाल्यांना विचारा."

बाई बुटावरची माती बोटानं खरवडत राहिल्या.

"बायकोचा पाय प्लास्टरमध्ये होता," शिंपी म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "मी तिच्या गोळ्या आणायला गेलो होतो. परत येईपर्यंत पाणी शिलाई मशीनच्या टेबलावर चढलेलं. खाट तर त्याहून खाली." त्यानं वर पाहिलं. "हा तेव्हा तिथंच उभा होता. विचारा त्याला, काय बघत होता."

"दरवाजा लावला की नदीवर नजर ठेवायची, असा नियम आहे, दाजी. मी नदी बघत होतो."

"तिनं हाक मारली असेल."

"पावसात ऐकू नाही आलं." मेहुण्यानं चाकावरचा हात काढला, पुन्हा ठेवला. "माझी बहीण होती ती."

"म्हणून तर तुला सांगतोय. लावू नकोस."

"मी नाही लावला तर दुसरा कुणी लावेल. आणि उद्या खरंच नदी आली तर?"

समोरच्या दारात एक सून तान्हं मूल घेऊन उभी होती. तिला शिंप्याच्या बायकोनंच बाळंतविडा शिवून दिला होता.

"काका," ती चाचरत म्हणाली, "भिंत नव्हती तेव्हा आमचा पाळणा गेला होता वाहून. मोठीच्या वेळचा. नशीब, ती माझ्या कडेवर होती."

दूधवालीनं मान खाली घातली. आता कुणीच हसत नव्हतं. शिंप्यानं एकेका दाराकडे पाहिलं, मग गुडघ्यांवर हात टेकून उठला. खुर्ची उचलून आपल्या घरापाशी गेला, ती खाली जमिनीवर ठेवली आणि स्वतः पायरीवर बसला.

मेहुण्यानं चाक फिरवलं. दरवाजा सरकत आला, रबरावर घट्ट बसला. गल्लीतला वारा थांबला.

पाणी खरं तर नदीच्या बाजूनं मारायचं असतं. पण तिकडे उतरायला पायऱ्याच नव्हत्या. म्हणून कामगारानं टँकरचा पाइप ओढून आणला आणि गल्लीच्या बाजूनं सांध्यावर धार धरली. पाणी दरवाज्यावर आपटून खाली साचू लागलं.

"तिकडे काही येतंय का?" बाईंनी वर विचारलं.

मेहुणा नदीच्या बाजूला वाकला. त्यानं बराच वेळ पाहिलं.

"एक थेंब नाही."

"छान," बाई सवयीनं म्हणाल्या.

"त्या दिवशीही नव्हता," मेहुणा म्हणाला. तो अजून नदीकडेच बघत होता.

साचलेलं पाणी भिंतीच्या कडेकडेनं शिंप्याच्या पायरीपाशी आलं. त्यानं पाय वर घेतले नाहीत. खुर्ची तेवढी उचलली आणि मांडीवर घेतली.