फगनीची खुशाली

"बाई, रमौतिन म्हणते मी नागपूरचीच! हिचा आजा तर छत्तीसगढचा!"

चंद्रभाननं चुगली केली आणि चौथीचा अख्खा वर्ग खो खो हसला. रमौतिननं दप्तरात तोंड खुपसलं.

प्रेमिलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हे दुखणं छडीनं जात नसतं, हे त्या जाणून होत्या. म्हणून त्यांनी नवाच घाट घातला. दर शनिवारी कुणाच्या तरी घरचं म्हातारं माणूस वर्गात यायचं आणि आपण नागपुरात कसे आलो ते सांगायचं.

जरीपटका वस्तीतली सिंधी आजी येऊन गेली. विणकर कोष्ट्यांच्या घरचे धोंडबा येऊन गेले; बापाचा मागावरचा धोटा कमरेला खोचून भंडाऱ्याहून पायी आलेले. ज्याचं त्याचं मूळ कुठे ना कुठे दूरच निघायला लागलं, तशी पोरं चाट पडली.

"आणि बाई, तुमचं?"

"माझं सगळ्यात शेवटी," बाई म्हणाल्या आणि पाढे घ्यायला लागल्या.

मग रमौतिनच्या आजोबांची पाळी आली. शालिकराम काठी टेकत आला. छातीच्या दुखण्यानं त्याचा पार खुळखुळा झाला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं मुलगा त्याला गावी नेणार होता, डोळे मिटायला.

"दुकाळ पडला, तवा पोटासाठी नागपूरले आलो," तो सांगू लागला. "घरवाली वाटंतच मेली. येवढीशी पोरगी होती, फगनी. मुकादम म्हने, आसामले चहाच्या बागेत काम हाय, पन लेकरू आनू नोको. मंग इतवारीत एक भला मानूस भेटला. त्याच्या चाळीच्या वट्ट्यावर पोरीले ठेवलं अन् चालता झालो."

"मग?" चंद्रभाननं विचारलं.

"मंग काय, बापू! मुकादमानं सालोसाल सोडलंच नाई. वापस आलो तं चाळ पाडलेली. त्या मानसाचं नावबी इचारलं नोतं मी. पुढं दुसरं लगन झालं, पोरगा झाला, पन फगनी मनातून गेली नाई." त्याला खोकल्याची उबळ आली. "मले तिले कुटं न्यायचं नाई. जगली का मेली, येवढं कोनी सांगतलं तं सुखानं जाईन."

प्रेमिलाबाई फळ्याकडे वळल्या. लिहिलेली तारीख त्यांनी पुसली आणि पुन्हा तीच लिहिली. आयुष्यभर टाळलेलं असं एका शनिवारी पुढ्यात येऊन उभं राहील, असं त्यांना वाटलं नव्हतं.

शाळा सुटली. चंद्रभान मुकाट्यानं रमौतिनचं दप्तर घेऊन पुढे निघाला. व्हरांड्यात म्हातारा दम खात बसला होता. बाई त्याच्याजवळ जाऊन बसल्या.

"जाताना तुम्ही तिला गुळाचा खडा दिला होता," त्या हळूच म्हणाल्या. "तिनं तो खाल्ला नाही. ओढणीच्या गाठीत बांधून ठेवला. मुंग्या लागल्या तरी सोडेना. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून वाट पाहायची."

शालिकरामची काठी निसटली. "तुले कसं मालूम? गूळ देल्ला तवा आमी बाप-लेकच होतो तिथं."

त्यांनी वाकून त्याच्या भेगाळ पायांवर डोकं ठेवलं.

"ददा," त्या म्हणाल्या, छत्तीसगढच्या लेकी बापाला म्हणतात तसं.

म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा वर केला. कितीतरी वेळ तो नुसता पाहत राहिला.

"पोटभर खायाले भेटलं ना, बेटी?"

"भेटलं, ददा."

"कोनी मारलं-झोडलं तं नाई?"

"नाही. पोटच्या लेकीसारखं ठेवलं."

"अन् माह्यावर राग?"

"राग कशाचा, ददा? मला माहीत होतं, तुम्ही येणार."

म्हातारा लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. मग पंच्यानं डोळे पुसून उठला. "आता कुनाले कायबी सांगू नोको. तुहा संसार, तुही इज्जत. मी मोकळा झालो." जाताना त्यानं मागे वळून पाहिलं नाही. त्याची चाल मात्र येतानापेक्षा हलकी होती.

बाई घरी पोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. दारातल्या खाटेवरून महादेवराव उठून बसले.

"काहून वं प्रेमिला, आज लय उशीर केला? तुह्या मायनं सकाळपासून तीनदा गल्ली पाहिली."

"बाबा, आज फगनीचे वडील भेटले."

महादेवरावांचा चेहरा उतरला.

"मग? सांगतलं त्याले?"

"सांगितलं. तुमची फगनी मीच म्हणून."

महादेवरावांनी लेकीचा हात धरला. "बरं केलं, पोरी. तो गेला अन् महिनाभरात आपण तिले माती देली, हे त्याले कोण्या तोंडानं सांगतलं असतं?"