एमेटची जागा

एमेट क्रान्झ युरोपात लढायला गेला, म्हणून १९४४च्या बेसबॉल हंगामात व्यावसायिक संघातली त्याची पहिल्या बेसवरची जागा ऑर्विलला मिळाली. एका कानानं बहिरा असल्यामुळे ऑर्विलला लष्करानं घेतलं नव्हतं. ऑगस्टमध्ये एमेट मारला गेल्याची तार आली. आठवड्यानं त्याचे वडील सामना बघायला आले आणि खेळ संपल्यावर ऑर्विलजवळ थांबले.

“छान खेळतोस रे पोरा. शेवटच्या पत्रात एमेटनं लिहिलं होतं, ऑर्विलला सांगा, मी परत आलो तरी तुला बाहेर बसवू देणार नाही.”

ऑर्विलला त्यांच्याकडे बघवेना. एप्रिलपासून दर रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकून त्यानं एकच मागणं मागितलं होतं : देवा, हंगाम संपेपर्यंत तरी लढाई संपू देऊ नकोस.