अप्पांचा श्वास

जांभळा दिवा लागला की दातांच्या दवाखान्याच्या खोलीतले श्वास निळसर धुक्यासारखे दिसू लागत. पंखा लावून ते घालवल्याखेरीज पुढच्या रुग्णाला खुर्चीत बसवायचे नाही, हा साथीपासूनचा नियम होता. दाढ भरून घेता घेता अप्पा याच खुर्चीत वारले, तेव्हापासून त्यांच्या लेकीने, डॉक्टर रेवतीने, ही खोली बंदच ठेवली होती. आज मात्र दाराबाहेर एक बाई गाल धरून कण्हत होती.

"ताई, लावा आता पंखा," मदतनीस फिलोमिना हळूच म्हणाली. "पेशंट असा ताटकळलेला अप्पांना तरी चालला असता का?"

जांभळ्या उजेडात खुर्चीवर अप्पांचा शेवटचा श्वास अजून तरंगत होता. रेवतीने बटणावर बोट ठेवले, आणि निरोप म्हणून काय बोलावे ते न सुचून सवयीने म्हणाली, "अप्पा, आ करा."

धुके हळूहळू, दाढ दिसेल इतके, उघडले.